आर्द्रता आणि सीओटूचे सेन्सर निवडताना या चुका टाळा

दर सत्राला माझ्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा तोच डबा येतो. झाकणावर छोटा ओएलईडी डिस्प्ले, आत ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आर्द्रता मोजणारा निळा डीएचटी११, जाळीदार टोपीचा वायू-सेन्सर एमक्यू-१३५. डिस्प्लेवर लिहिलेलं असतं: सीओटू ४१२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ४१२ भाग. मी विचारतो, हे ४१२ आलं कुठून? उत्तर ठरलेलं: ‘सर, लायब्ररीतून.’

खरं आहे. लायब्ररीतूनच, म्हणजे सेन्सरसाठी आयत्या मिळणाऱ्या कोडमधूनच आलं, हवेतून नाही.

एमक्यू-१३५ ला सीओटू सेन्सर म्हणणं

हे इतक्यांदा सांगून झालंय की आता पाटीच करून लावावी म्हणतो. एमक्यू-१३५ मध्ये टिन ऑक्साइडचा एक थर असतो आणि तो तापवायला हीटर असतो. अमोनिया, अल्कोहोल, बेंझीन, धूर असलं काही आलं की त्या तापलेल्या थराचा विद्युत रोध बदलतो. कार्बन डायऑक्साइड म्हणजे आधीच पूर्ण जळून गेलेला कार्बन, त्या थराशी भांडायला त्याच्यात काही उरलेलंच नसतं. मग आकडा येतो कसा? लायब्ररी गृहीत धरते की आत्ताची हवा साधारण ४०० पीपीएमची आहे, त्यावरून एक आधार-रोध ठरवते आणि पुढचा प्रत्येक व्होल्टेज एका वक्रावर बसवते. म्हणजे ४०० तुम्हीच सांगायचं आणि तिने ते तुम्हाला परत वाचून दाखवायचं.

एका गटाने यावर ‘वर्गातली गर्दी ओळखणारं यंत्र’ केलं होतं. तालीम छान झाली. प्रत्यक्ष सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खुर्चीवर बसता बसता हाताला सॅनिटायझर चोळलं. आकडा ४३० वरून दोन हजारांच्या पुढे गेला आणि बझर कोकलायला लागला. खोलीत माणसं पाच. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘बाकीची गर्दी कुठे आहे?’ त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. त्यांचा कोड चांगला होता हो. पण खरेदी करताना पानावरचं ‘सीओटू’ एवढंच वाचलं होतं.

हाच घोळ जरा सभ्य कपड्यांत सीसीएस८११ आणि एसजीपी३० करतात. त्यांच्या माहितीपत्रकात ‘ई-सीओटू’ असतं. तो इवलासा ‘ई’ सांगतो की हा आकडा इतर वायूंवरून काढलेला अंदाज आहे. स्वयंपाकाचा वास आला की पंखा सुरू करायचा असेल तर हे सेन्सर उत्तम. फक्त अहवालात त्याला सीओटू म्हणू नका.

खरं मोजायचं तर एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्या. सीओटू ४.२६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश शोषतो, आणि किती प्रकाश कमी झाला ते हे सेन्सर बघतात. एमएच-झेड१९बी आणि एससीडी३० या जातीचे. एससीडी४० आणि ४१ तोच प्रकाश वापरतात, पण शोषणामुळे उठणारा आवाज मायक्रोफोनने ऐकतात. महाग वाटतात, मान्य. पण स्वस्तातला एमक्यू घेऊन महिनाभर ‘कॅलिब्रेशन’, म्हणजे आकड्यांची जुळवाजुळव, करत बसणाऱ्यांनी त्या महिन्याचीही किंमत धरावी.

माझी तपासायची सवय साधी आहे. अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस सेन्सरजवळ धरायचा. आकडा उडाला तर तो सीओटूचा नव्हे. मग सेन्सर वीसेक मिनिटं खिडकीत, माझ्यापासून लांब ठेवायचा. बाहेरच्या हवेत आता ४२० पीपीएमच्या वर सीओटू आहे, तेव्हा त्याच्या आसपास स्थिरावला पाहिजे. आणि कृपा करून सेन्सरवर फुंकर मारून ‘बघा, चालतो’ म्हणू नका. आपल्या उच्छ्वासात ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम सीओटू असतो. ५,००० पर्यंत मोजणारा सेन्सर त्याने फक्त छताला टेकतो, त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

आपोआप कॅलिब्रेशन: माझी लाडकी चूक

खरा सेन्सर घेतला म्हणजे सुटलो, असं नाही. दोन मुली बंद क्रेटमध्ये धिंगरी अळिंबी वाढवत होत्या. एमएच-झेड१९बी लावलेला, आकडा १,००० च्या वर गेला की पंखा सुरू, ८०० ला बंद. पहिले दोन दिवस पंखा बरोबर चालला. आठवड्याने त्या खुशीत आल्या: ‘सर, आता पंखा फारसा फिरतच नाही, सगळं स्थिर झालंय.’ लॉग काढून बघितला, आलेख खरोखर सुरेख होता. रोज थोडा खाली सरकणारा. मग म्हटलं, क्रेट दाखवा. देठ बोटभर लांब आणि टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. सीओटू जास्त झाला की धिंगरी अशीच वाढते.

झालं असं होतं. या सेन्सरमध्ये एबीसी नावाची आपोआप कॅलिब्रेशनची सोय मुळात चालू असते. दिवसातून एकदा तरी याला स्वच्छ हवा मिळतेच, असं ती धरून चालते आणि दर २४ तासांनी सर्वांत कमी वाचनाला ४०० कडे ओढते. घरात, ऑफिसात हे चालतं. क्रेटमध्ये सर्वांत कमी वाचनच ८०० होतं. सेन्सरने तेच ‘स्वच्छ’ धरायला सुरुवात केली, वाचन उतरलं, म्हणून पंखा कमी फिरला, म्हणून खरा सीओटू वाढला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यंत्र स्वतःलाच फसवत होतं, अळिंबी तेवढी खरं बोलत होती. ही सोय हरितगृह, फार्म, फ्रिज अशा जागी वापरू नका असं डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. पण डेटाशीट उघडायचं कोणी? व्हिडिओत नव्हतं ना!

एबीसी बंद करायची कमांड नऊ बाइटची आहे: एफएफ ०१ ७९ ०० ०० ०० ०० ०० ८६. मी ती एकदा पाठवून विसरत नाही, बोर्ड सुरू होताना दर वेळी पाठवतो. एससीडी४१ मध्येही अशीच सोय आहे, बंद जागेसाठी तीही बंद करा. नंतर मोकळ्या हवेत हाताने कॅलिब्रेट करायचं. आणि एमएच-झेडची एचडी ही कॅलिब्रेशनची पिन लोंबकळत ठेवू नका. ती सात सेकंद ग्राउंडला लागली की सेन्सर समोरच्या हवेलाच ४०० समजतो.

आर्द्रतेचं काय?

डीएचटी११ ची अचूकता ±५ टक्के आणि पल्ला ९० पर्यंतच. त्याचं वाचन ‘६३.४७%’ असं छापणाऱ्यांना मी दशांश खोडायला लावतो. डीएचटी२२ बरा, पण दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारलंत तर नवं वाचन मिळत नाही, जुनाच आकडा किंवा ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) येतो, त्यात लायब्ररी बदलून काही होत नाही. मी स्वतः एसएचटी३१ वापरतो.

आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० मागवून बीएमपी२८० हातात पडणं हे नेहमीचंच. दिसायला जुळे, पण बीएमपी आर्द्रता मोजतच नाही. चिपचा ओळख-क्रमांक असलेलं डी० हे रजिस्टर (तिच्या मेमरीतला कप्पा) वाचा: हेक्स (सोळा-आधारी) ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. सोल्डर करण्याआधी वाचा, नंतर नाही.

सेन्सर तापणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरच्या डोक्यावर बसवू नका. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के असताना सेन्सरभोवतीची हवा २८ अंशांवर गेली की तोच ओलावा ५० टक्के दिसतो. सेन्सर बरोबर असतो, जागा चुकलेली असते. चार इंच वायर आणि डब्याला दोन्ही बाजूंनी भोकं, एवढ्याने भागतं.

आर्द्रतेच्या वाचनाची शंका असेल तर मीठ. झाकणाच्या बरणीत मीठ ओल्या वाळूइतकं भिजवा, सेन्सर वर लटकवा, मिठाला टेकू देऊ नका आणि रात्रभर ठेवा. २५ अंशांना आत ७५ टक्के आर्द्रता असते. अर्ध्या तासात झाकण उघडून ‘सर, ६८ दाखवतोय’ म्हणत येणारे दर वर्षी दोघे-तिघे असतातच. त्यांना मी बरणी परत लावून उद्या यायला सांगतो.

उरलेलं थोडक्यात: ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (अॅनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर अॅनालॉग वाचू नका. पाच व्होल्टचं आउटपुट थेट ३.३ व्होल्टच्या पिनेला देऊ नका. आर्द्रतेच्या सेन्सरच्या खिडकीवर ग्लू गन चालवू नका.