रॉ फोटोचं सॉफ्टवेअर आणि व्हाइट बॅलन्स

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फोटो फाइल) काढायला सुरुवात केली की लगेच लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे महिन्याचे पैसे भरायची काहीच घाई नाही, आधी कॅमेरा कंपनीचंच फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, रंग कॅमेऱ्यात दिसतात तसेच येतात. जास्त कंट्रोल हवा तर रॉथेरपी नाहीतर डार्कटेबल, दोन्ही फुकट, फक्त तुमचं मॉडेल सपोर्टेड आहे का ते बघून घ्या.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, रॉमध्ये नंतर कितीही बदला, क्वालिटी जात नाही. ड्रॉपर (सॉफ्टवेअरमधलं रंग निवडायचं टूल) करड्या किंवा साध्या पांढऱ्या कपड्यावर मारा, पण जास्त उजेडाने जळालेल्या पांढऱ्यावर नको, तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते. टेंपरेचरचा आकडा (केल्विनमध्ये) ५५०० च्या आसपास म्हणजे दुपारचं ऊन, पिवळा बल्ब साधारण २८००, आणि हो, स्लायडरचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, निळा नाही (सगळे इथेच गोंधळतात). एलईडीखाली चेहरे हिरवट दिसले तर टेंपरेचरशी झटापट करू नका, टिंट (हिरवा-मजेंटा स्लायडर) थोडा मजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे सरकवा. हळदीच्या फोटोत मात्र ऑटो व्हाइट बॅलन्स अजिबात नको, तो बिचारा सगळा पिवळा रंग चूक समजून काढायला जातो आणि नवरी आजारी दिसते.