जुन्या गाडीचा धूर: रंगाआधी वेळ बघा

गाडी धूर टाकतेय म्हटलं की नवशिका मेकॅनिक आधी रंग बघतो. रंग बघायचाच, पण धूर नेमका कधी येतो ते आधी टिपून घ्या: थंड इंजिन चालू करताना, आयडलिंगला, चढावर जोर लागताना, की उतारानंतर पुन्हा रेस दिल्यावर. इंजिन उघडायचं की नाही, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. तपासणी मोकळ्या जागी करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

काळा धूर सर्वांत सोपा. पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि कूलंट टेम्परेचर सेन्सर बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी गाडी चालू करताच एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. सीलचं रबर कडक झालं की ऑइल गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतून, झिरपतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतो, इनटेकमधला (हवा आत जाण्याच्या मार्गातला) व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल आत ओढलं जातं. पुन्हा रेस दिली की तेच धूर होऊन बाहेर पडतं. जोर लागताना सलग निळा धूर येत असेल, तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याची शक्यता जास्त. टर्बो असेल तर त्याचे सीलही तपासा. मात्र रिंगचं नाव घेण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधले (इंजिनच्या खालच्या भागातले) वायू इनटेककडे सोडणारी झडप, नक्की बघा. तो चोंदला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल वर ढकललं जातं. एवढ्याशा पार्टपायी चांगलं इंजिन उघडलं जाऊ नये.

खात्री कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते गेजने मोजून, होते. पेट्रोल इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरवर सारखेच, पाच-सहा स्ट्रोक द्या. थ्रॉटल बंद राहिला तर सगळेच आकडे खोटे कमी येतात. साधारण १० ते १३ बार चांगलं. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील). शेजारचे दोन्ही सिलिंडर कमी असतील, तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं. डिझेलवर मात्र असं ऑइल टाकू नका. तिथे ज्वलनाची जागा इतकी लहान असते की आकडा फसवतो.

पांढऱ्या धुरात घाई नको. थंडीत सुरुवातीला निघते ती वाफ असते आणि सायलेन्सर तापला की ती जाते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट घटत जाणं, हे तिन्ही एकत्र आलं तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. डिझेलमध्ये डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर वेगळा. तो न जळलेल्या डिझेलचा, तिथे ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे) आणि इंजेक्शन टायमिंग तपासा. कूलंटचा संशय असेल तर इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, थोडं कूलंट काढा आणि तोंडावर ब्लॉक टेस्टर (ज्वलनातला वायू लागला की रंग बदलणारं द्रव असलेली नळी) धरून इंजिन चालू करा. ज्वलनातला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर टेस्टरमधलं निळं द्रव पिवळं पडतं. तसं झालं तर गाडी चालवू नका, कारण कूलंट ऑइलमध्ये मिसळलं की बेअरिंग खराब होतात. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजणाऱ्या पात्यांनी) त्याची सपाटी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.