तुर्की शिकताय? ‘ला’ आणि ‘नाही’च्या या चुका टाळा

तुर्की वाक्य मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. क्रियापद शेवटी आणि नामाला एकापुढे एक प्रत्यय: ‘एव्‌लेरिमिझ्‌दे’ म्हणजे ‘आमच्या घरांमध्ये’. ही जवळीक खरी आहे आणि तिचा फायदा जरूर घ्यावा. अडतं ते मराठीतल्या एकाच प्रत्ययाचं किंवा शब्दाचं काम जिथे तुर्कीत दोन-तीन रूपांत वाटलं जातं तिथे.

सगळ्यात जास्त चुका ‘ला’च्या. शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी, दोन्हींचे प्रत्यय स, ला, ते असेच पाठ केलेले असतात. तुर्कीत हा फरक ऐकू येतो. ‘अलिये सोर्दुम’ म्हणजे मी अलीला विचारलं. ‘अलियि सोर्दुम’ म्हटलंत तर अर्थ होतो, मी अलीबद्दल चौकशी केली. ‘अलीला घाबरतो’ म्हणायचं असेल तर तिथे चक्क पंचमी लागते: ‘अलिदेन कोर्कुयोरुम’. म्हणून क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका, त्याच्या विभक्तीसकट करा. ‘तुर्क दिल कुरुमु’ या तुर्कीच्या अधिकृत भाषासंस्थेच्या शब्दकोशात क्रियापदापुढे हा प्रत्यय दिलेला असतो, अर्थाआधी तो बघायची सवय लावा.

निर्जीव कर्माला आपण सहसा ‘ला’ लावत नाही, त्यामुळे तुर्की बोलतानाही आपल्याकडून प्रत्यय गाळला जातो. ‘गझेते ओकुदुम’ म्हणजे पेपर वाचला, कुठलाही. मघाशी बोलत होतो तोच पेपर असेल तर ‘गझेतेयि ओकुदुम’च हवं.

‘नाही’चंही तसंच. ‘डॉक्टर नाहीत’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. ते जागेवर नसतील तर ‘दोक्तोर योक’. ती व्यक्ती डॉक्टरच नसेल तर ‘दोक्तोर देइल’. क्रियापदाचा नकार मात्र क्रियापदाच्या पोटात जातो: ‘गेल्दिम’, आलो, ‘गेल्मेदिम’, आलो नाही. तिथे वेगळा शब्द जोडू नका.

बाकीच्या चुका सरावाने सुटतात. संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं: ‘इकि एव’, दोन घरं. अनेकवचनाचा प्रत्यय शब्दातल्या शेवटच्या स्वराप्रमाणे बदलतो: ‘एव्‌लेर’, पण ‘ओकुल्‌लार’ (शाळा). आणि ‘अलीचं घर’ म्हणताना खूण दोन्हीकडे लावा: ‘अलिनिन एवि’. नुसतं ‘अलिनिन एव’ अर्धवट राहतं.