जुन्या स्टुलाची बैठक प्लास्टिकच्या पिशव्यांनी कशी विणावी

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी त्याआधी साठवलेल्या आणि नंतरही या ना त्या वाटेने घरात आलेल्या पिशव्या अनेक स्वयंपाकघरांत आजही कोंबून ठेवलेल्या आढळतात. त्या बाहेर टाकल्या की गटारे तुंबवतात किंवा गुरांच्या पोटात जातात. घरात बैठक फाटलेले, पण चौकट मजबूत असलेले स्टूल असेल, तर त्याच पिशव्यांची वेणी करून ते पुन्हा वापरात आणता येते.

प्रथम पिशव्या निवडाव्यात. चुरगाळल्यावर ज्यांचे तुकडे पडतात त्या, तसेच ‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशव्या घेऊ नयेत, कारण त्या वेणीतच झिजून तुटतात. उरलेल्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवाव्यात. वेणीत ओल राहिली तर वास येतो आणि तो सहजासहजी जात नाही.

पिशवी सपाट पसरून तिचे बंद आणि तळाची शिवण कापून टाकावी. उरलेल्या नळकांड्याची उभी घडी घालून ५ सेंमी रुंदीचे आडवे तुकडे कापले की प्रत्येक तुकड्याचे एक कडे मिळते. एक कडे दुसऱ्यात घालून त्याचे टोक त्याच्याच फासातून काढावे आणि गाठ हळूहळू आवळावी, कारण झटका दिल्यास पातळ प्लास्टिक फाटते. अशा तीन माळा तयार झाल्या की त्यांची घट्ट तिपेडी वेणी घालावी. ४० सेंमी रुंद आणि तेवढ्याच उंच अशा तीन पिशव्यांपासून सुमारे दोन मीटर वेणी होते. ३० सेंमी चौरस बैठकीच्या आडव्या विणीला १७ ते १८ मीटर लागते, म्हणजे २५ ते ३० पिशव्या हाताशी हव्यात.

संपूर्ण बैठक पिशव्यांचीच करण्याचा मोह टाळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सतत वजन पडत राहिले की हे प्लास्टिक कायमचे लांबते आणि बैठकीला झोळ येतो. म्हणून भार घेणारे उभे ताणे जाड सुती दोरीचे घ्यावेत आणि पिशव्यांची वेणी केवळ आडव्या विणीसाठी ठेवावी. दोरी समोरासमोरच्या दोन दांड्यांभोवती, वेणीच्या जाडीइतके अंतर ठेवून, वरून-खालून गुंडाळत न्यावी. ताण मध्यम असावा. आडवी वीण भरत जाईल तसा तो आपोआप वाढतो, आणि सुरुवातीलाच दोरी कमाल ताणली तर शेवटच्या ओळींत वेणी शिरत नाही.

आता वेणीचे चार-पाच मीटरचे तुकडे घेऊन, वरच्या थरातील एका दोरीवरून, दुसरीखालून अशी वीण घालावी. ओळ संपली की वेणी बाजूच्या दांड्याभोवती फिरवून बैठकीच्या खालून परत आणावी आणि पुढच्या ओळीत क्रम उलटा करावा. दोऱ्या उचलण्यासाठी लाकडी पट्टी सोयीची पडते, आणि त्याच पट्टीने प्रत्येक ओळ मागच्या ओळीला ठोकून भिडवावी. ओळी सैल राहिल्या तर बसल्यावर बाजूला सरकतात. तुकड्यांचे जोड नेहमी खालच्या बाजूस येऊ द्यावेत.

अखेरचे टोक विणीतच तीन-चार ओळी खुपसून खालून गाठ मारावी. टोके मेणबत्तीवर वितळवून चिकटवू नयेत. प्लास्टिक पेटते, त्याचा धूर अपायकारक असतो आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटून भाजतो. याच कारणाने हे स्टूल देवघरातील दिव्याजवळ किंवा शेगडीजवळ ठेवू नये. कडक उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते, तेव्हा गच्चीपेक्षा घरातच ते अधिक टिकते.

पहिल्या काही दिवसांत सुती दोरी थोडी सैलावते. तेव्हा खालच्या बाजूने एकेक फेरा ओढत ताण पुढे न्यावा आणि शेवटची गाठ पुन्हा बांधावी. पुढे एखादी ओळ तुटलीच, तर तेवढाच तुकडा काढून नवी वेणी घालता येते.