दुर्मीळ प्राण्यांवर विनोदी प्रवासवर्णन कसं लिहावं

धोक्यात आलेल्या प्राण्यावर लिहायला बसलं की लेख बहुधा दोनपैकी एका बाजूला कलतो. एकतर पहिल्या ओळीपासून सुतकी सूर लागतो आणि वाचक तिसऱ्या परिच्छेदात निघून जातो; नाहीतर जिप्सीतले धक्के, डबा विसरलेला मित्र आणि न दिसलेला वाघ यांतच पानं भरतात, आणि प्राणी का संपत चाललाय हे राहूनच जातं. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी लिहिण्याआधी एकच गोष्ट शोधायची: प्राण्याच्या ज्या सवयीचं आपल्याला हसू येतं, तीच सवय आज त्याच्या जिवावर उठली आहे का? खूप प्राण्यांच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असं येतं. ते मिळालं की लेखाचा कणा मिळाला.

न्यूझीलंडचा काकापो घ्या. उडता न येणारा, रात्री हिंडणारा हिरवा पोपट. धोका जाणवला की हा पळत नाही, आहे त्या जागी थिजून उभा राहतो. हसू येणारच. पण माणूस तिथे पोचण्याआधी त्या बेटांवर जमिनीवरून शिकार करणारे सस्तन प्राणी नव्हते. काकापोचे शत्रू होते शिकारी पक्षी, म्हणजे नजरेने भक्ष्य शोधणारे. त्यांच्यापुढे हिरव्या पिसांनिशी निश्चल राहणं हा उत्तम बचाव होता. माणसाबरोबर आलेली मांजरं आणि स्टोट नावाचे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी मात्र वासावर येतात, आणि काकापोच्या अंगाला दाट गोडसर वास असतो. १९९५ मध्ये हे पक्षी ५१ उरले होते. शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर त्यांना ठेवलं, प्रत्येकाला नाव दिलं, अंगावर ट्रान्समीटर लावला, तेव्हा २०२२ पर्यंत संख्या २५० च्या वर गेली. यात विनोद आणि कारण एकाच वाक्यात बसतात, वेगळा ‘संवर्धनाचा परिच्छेद’ चिकटवावा लागत नाही.

आपल्याकडेही अशा जोड्या भरपूर आहेत. माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो आणि गळ्याची पिशवी फुगवून माळावर मोठ्या ऐटीत फिरतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरचं त्याला नीट दिसत नाही. एवढं वजन घेऊन उडताना पुढ्यात विजेची तार आली की ऐन वेळी वळता येत नाही. गिधाड सडलेलं जनावर बिनधास्त पचवतं, पण गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मांसात राहिला असेल तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली होती. समुद्री कासवाचं पिल्लू वाळूतून वर येताच उजेडाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, धावतं. त्याची ही धाव किनाऱ्यावरच्या दिव्यांनी चुकते.

पहिलाच लेख असेल तर कासवावर लिहा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर तिथलं काम उभं केलं. ऑलिव्ह रिडले मादी एका घरट्यात साधारण १०० ते १५० अंडी घालते. कोल्हे, कुत्री उकरतात आणि पूर्वी माणसंही नेत, म्हणून अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणातल्या तशाच खोल खड्ड्यात ठेवतात आणि तारीख लिहितात. मग ४५ ते ६० दिवस मोजायचे. हंगामात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर उपडी ठेवलेली टोपली उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे समुद्रापर्यंत ती स्वतः चालतात. वर आली नसतील तर सगळे घरी परततात.

लेखाचं खरं भांडवल या रिकाम्या टोपलीत आहे. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं एका उपड्या टोपलीभोवती श्वास रोखून उभी असतात, आणि वेळापत्रक वाळूच्या हातात असतं. म्हणून किमान दोन रात्रींचा मुक्काम धरा. एका रात्रीसाठी गेलेला माणूस पिल्लं दिसली नाहीत की चिडतो, आणि चिडून लिहिलेला विनोद वाचकाला लगेच कळतो. राहायला गावातलंच घर निवडा. पैसे गावात राहतात आणि जेवताना जे ऐकू येतं ते हॉटेलात कधीच ऐकू येत नाही. निघण्याआधी फोन करून किती घरट्यांतून पिल्लं बाहेर यायच्या बेतात आहेत ते विचारा.

टिपण कसं ठेवायचं, यावर लेख तरतो किंवा बुडतो. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल घ्या. दमट हवेत शाई फुटते. डाव्या पानावर फक्त घडलेलं लिहा, वेळेसकट: पाच चाळीसला भेकराचा धोक्याचा कॉल, सहाला शांत, सव्वासहाला मागच्या जिप्सीतल्या काकूंनी चिवड्याची पिशवी उघडली. उजवं पान ‘का’साठी कोरं ठेवा आणि परतताना गाइडला किंवा वनरक्षकाला विचारून भरा. विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत: प्राणी असं का करतो, पाच वर्षांपूर्वी इथे काय वेगळं होतं, तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता. शेवटच्या प्रश्नाला सर्वांत मजेदार आणि सर्वांत खरी उत्तरं मिळतात. कच्चा मजकूर त्याच रात्री लिहा. आठवड्याने लिहिलं तर प्रसंग आठवतात, पण त्यांचा क्रम जातो, आणि प्रवासातली गंमत बहुतेक वेळा क्रमातच असते.

हसायचं कुणाला? आपल्यासारख्या पर्यटकाला, त्याच्या सामानाला, घाईला, नियोजनाला आणि सरकारी नकाशालाही. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं, रस्ते, वस्त्या सगळं आलं आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. हा आकडा नुसता नीट मांडला तरी पुरतो, त्यावर टोमणा लागत नाही. मात्र गाइड, वनमजूर, गुराखी यांच्या बोलीची नक्कल करून हशा मिळवू नका. जंगल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं तर ते बहुधा आपल्या कोटीपेक्षा सरस ठरतं. प्राण्यालाही नवरोबा, मामा, आजीबाई करू नका. एकदा तो माणूस झाला की त्याच्या वागण्याचं खरं कारण लिहायला जागाच उरत नाही.

एक उदाहरण पाहा. कच्च्या लेखात असं वाक्य येतं: ‘बिचारं पिल्लू बावळटासारखं समुद्र सोडून आमच्याकडेच निघालं.’ वाचक हसतो, पण पिल्लू मूर्ख ठरतं आणि पर्यटक सुटतात. हे दुरुस्त करा: ‘पिल्लाला समुद्र ठाऊक नव्हता, उजेड ठाऊक होता. त्या संध्याकाळी किनाऱ्यावरची सर्वांत उजळ वस्तू म्हणजे आमचे मोबाईल होते, आणि त्यांतला सर्वांत महागडा त्याने समुद्र म्हणून निवडला.’ आता हसू योग्य जागी पडतं, आणि किनाऱ्यावर दिवे का लावू नयेत हे कुणी न सांगता कळतं.

लांबी १,५०० शब्दांची धरली तर प्राणी किंवा त्याचा माग पहिल्या ४०० शब्दांत यायला हवा. धोक्याचं कारण सर्वांत मोठ्या हशानंतर लगेच द्या, शेवटी नको. हसलेल्या वाचकाचं लक्ष त्या क्षणी पूर्ण आपल्याकडे असतं. आकडे पाच-सहाच ठेवा आणि प्रत्येकाला वर्ष जोडा. वर्षाशिवायची संख्या दोन वर्षांत खोटी होते. प्राणी दिसलाच नाही तरी लेख होतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाऊन माळढोक न दिसणं हीच आजची बातमी आहे. ‘नशीब नव्हतं’ म्हणून ती पुसू नका.

अतिशयोक्ती माणसांच्या वागण्यात चालते, प्राण्याच्या नोंदीत अजिबात नाही. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं प्रकरण यासाठी प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवावं. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला. तो नमुना प्रत्यक्षात दुसऱ्याच्या संग्रहातून चोरलेला, लेबल बदललेला होता, आणि त्या खोट्या नोंदीने पुढच्या शोधाची दिशा चुकवली. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला मिळाला. तब्बल ११३ वर्षं हरवलेलं घुबड दिवसाढवळ्या सर्वांसमोर बसतं, ही गंमत खऱ्या माहितीतूनच आली आहे.

ठिकाणाबाबत मात्र मुद्दाम कमी लिहा. वेळाससारख्या, गावानेच पर्यटकांसाठी खुल्या केलेल्या जागेचं नाव बिनधास्त द्या. घरटं, बीळ, पाणवठा किंवा खवले मांजर दिसलेलं गाव असेल तर जिल्ह्यावर थांबा. खवल्यांसाठी शिकार करणारेही प्रवासवर्णनं वाचू शकतात. फोटो टाकण्याआधी फोनमध्ये त्यातलं लोकेशन काढून टाका. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ते त्यात तसंच राहतं, हे विसरू नका. पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावलं असेल तर तो प्रसंग कितीही रंगला तरी लेखात घेऊ नका. वाचक तेच करून बघतात, आणि विणीच्या दिवसांत त्याने पक्षी घरट्यावरून उठतो.

छापण्याआधी लेख गाइडला किंवा वनरक्षकाला वाचून दाखवा, फोनवर वाचलात तरी चालेल. जिथे त्यांना हसू यायला हवं होतं आणि आलं नाही, तिथे थांबून विचारा; बऱ्याचदा तिथे माहिती चुकलेली असते. त्यांचं नाव छापायचं का, हेही त्यांनाच ठरवू द्या, कारण छापून आलेल्या एखाद्या वाक्याचा जाब गावात किंवा खात्यात त्यांना द्यावा लागू शकतो.