बेडकाची पिट्युटरी: तपकिरी रंग आला, पण कशाचा?

कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या एमएस्सी किंवा पीएचडीला बेडकाच्या पिट्युटरीत (मेंदूखालच्या ग्रंथीत) हार्मोन आणि वाढघटक (पेशींची वाढ घडवणारी प्रथिनं) कोणत्या पेशीत आहेत हे अँटिबॉडीने (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रथिनाने) रंगवून शोधायचा विषय घेणार असाल तर आधी कागदपत्रं उरका. पहिल्या पावसात पंचगंगेकाठच्या शेतांत पिवळेधमक बेडूक ओरडतात, पण ते धरून आणता येत नाहीत; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो. वनखात्याची परवानगी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात पडेपर्यंत कात्रीला हात लावू नका. शोधनिबंधांतला ‘बुलफ्रॉग’ बहुधा अमेरिकेचा असतो. आपला बैलबेडूक वेगळ्या कुळातला, त्यामुळे तिकडे चाललेली अँटिबॉडी इकडे चालेलच असं नाही.

ग्रंथी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. टाळूची त्वचा सोलून पॅरास्फेनॉइड हाड उचललं की डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या फुलीमागे ती सापडते. पार्स डिस्टॅलिस, म्हणजे ग्रंथीचा मोठा भाग, मेंदूला सैल चिकटलेली असते. चिमट्याने ओढली तर तेवढीच हाती येते आणि इंटरमीडिया (मधला भाग) मागे राहते. म्हणून हायपोथॅलॅमसच्या तुकड्यासकट काढा. फिक्सिंगला (ऊती आहे तशी टिकवायला) बुइनचं द्रावण: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ मिली, फॉर्मेलिन २५, ग्लेशियल अॅसिटिक ५. नंतर पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोल बदलत राहा. पिक्रिकची बाटली कोरडी पडू देऊ नका, ते स्फोटक होतं. मग ग्रंथी मेणात बसवून सेक्शन (पातळ काप) ४-५ मायक्रॉनचे. एप्रिलच्या उकाड्यात मेण मऊ पडून सेक्शन चुरगळतात. ब्लॉक बर्फावर ठेवून कापा.

प्रायमरी (थेट हार्मोनला चिकटणाऱ्या) अँटिबॉडीचं प्रमाण १:२०० ते १:२००० असं तपासून ठरवा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा. डीएबी (अँटिबॉडी चिकटलेल्या जागी तपकिरी रंग आणणारं रसायन) घातल्यावर मात्र मायक्रोस्कोपवरून नजर काढू नका.

खरी डोकेदुखी पुढे आहे. बेडकाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं आणि त्या स्वतःच डीएबीत तपकिरी होतात. पेरॉक्साइडने त्यांची ही क्रिया आधीच थांबवणं (ब्लॉकिंग) कमी पडलं की हार्मोनची पेशी सापडली असं वाटतं. मेंदूच्या आवरणातलं मेलॅनिनही तसंच फसवतं. प्रत्येक संचात एक स्लाइड काहीच न लावता आणि एक प्रायमरीशिवाय ठेवा. अँटिजेन (ती ज्याला चिकटते ते प्रथिन) मिसळून निष्प्रभ केलेल्या अँटिबॉडीची स्लाइडही हवीच.

अल्फा-एमएसएच (त्वचेचा रंग बदलणारं, इंटरमीडियातलं हार्मोन) म्हणजे एसीटीएच (अॅड्रिनलला चालना देणारं हार्मोन) याचेच पहिले १३ अमिनो आम्लांचे दुवे, त्यामुळे एसीटीएचची बरीच अँटिसिरा (अँटिबॉडी असलेले रक्तद्रव) इंटरमीडियाही रंगवतात. टीएसएच, एलएच, एफएसएच ही पिट्युटरीची हार्मोनं अल्फा आणि बीटा अशा दोन उपएककांची; त्यांचं अल्फा एकच, म्हणून अँटिबॉडी बीटाचीच मागवा. ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन एकाच घराण्यातले. त्यांची एकमेकांवर उलटतपासणी करा.

वाढघटक कोणत्या पेशीत आहे हे सांगायला लागोपाठचे दोन सेक्शन घ्यायचे, एकावर हार्मोन, दुसऱ्यावर वाढघटक. पेशी १० मायक्रॉनच्या आसपास, तेव्हा जाड सेक्शनमध्ये ती दुसऱ्यात सापडतच नाही. ससा आणि उंदीर अशा दोन वेगळ्या प्राण्यांतल्या अँटिबॉडी असतील तर एकाच सेक्शनवर दुहेरी फ्लुरोसन्स (दोन रंगांत चमकवणं) जास्त भरवशाचं. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या मेलॅनोट्रोपमध्ये (अल्फा-एमएसएच बनवणाऱ्या पेशीत) बीडीएनएफ हा वाढघटक अल्फा-एमएसएचसोबतच साठलेलं दिसतं, तशी जोडी शोधायची.

तरीही प्रथिन दिसलं म्हणजे ते तिथेच बनलं असं लिहू नका. रक्तातून येऊन रिसेप्टरला (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला) चिकटलेलंही असू शकतं. त्यासाठी एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा पेशीतला संदेश) दाखवावा लागतो. बुइनमध्ये आरएनए खराब होतो, म्हणून काही ग्रंथी पहिल्याच दिवशी उणे ८० अंशांवर वेगळ्या ठेवा. नंतर समितीकडे आणखी प्राणी मागायचे म्हटलं तर सगळी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून.