रिचार्जेबल सेल वापरताय? मग या चुका टाळा

"कालच चार्ज केले आणि आज बॅटरी लो! फालतू असतात हे सेल." हे रडगाणं ऐकलं की मी एवढंच विचारतो, "चारही सेल एकदमच घेतले होते का?" उत्तर ठरलेलं: "तीन नवे आहेत, एक ड्रॉवरमध्ये पडला होता."

त्या ड्रॉवरमधल्या सेलने मलाही रडवलंय. माझा फ्लॅश दहा-बारा फोटो नीट चालायचा, मग त्याची चार्ज होतानाची बारीक शिटी लांबत जायची आणि शेवटी गप्प. सेल पुन्हा चार्ज केले, पुन्हा तेच. फ्लॅश दुरुस्तीला टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात सहज व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला. तीन सेल 1.24 व्होल्टवर, चौथा 0.4! सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला दुबळा आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून करंट रेटत राहतात. मग त्याचे प्लस-मायनस उलटतात आणि तो कायमचा खराब होतो. तेव्हापासून नवे सेल आले की मी आधी मार्कर काढतो. चारांवर 'क', पुढच्या चारांवर 'ख'. 'क'वाले एकत्र चार्ज होतात, एकत्र वापरले जातात, आणि त्यातला एक गेला की चारही निवृत्त. बायको याला वेड म्हणते, म्हणू दे.

दुसरी तक्रार 1.2 व्होल्टची. "एकदाच वापरून टाकायचा अल्कलाइन सेल 1.5चा, हा रिचार्जेबल 1.2चा, म्हणजे कमजोरच ना?" नाही हो! अल्कलाइनचे 1.5 सुरुवातीलाच असतात, वापरात ते उतरत उतरत 0.9पर्यंत येतात. निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणजे आपला हा रिचार्जेबल, मात्र जवळजवळ शेवटपर्यंत 1.2च्या आसपास टिकून राहतो. गॅजेटचा बॅटरी-काटा अल्कलाइनच्या हिशेबाने बसवलेला असेल, तर भरलेला सेलही त्याला अर्धा दिसतो. मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते का ते बघा. कोणीही बघत नाही. एक मात्र खरं, हा सेल संपतो तो अचानक, म्हणून जोडीला दुसरा संच ठेवा.

चार्जर: एकेक सेल वेगळा तपासून आपोआप थांबणाराच घ्या. दोन-दोनच्या जोडीने, नुसत्या टायमरवर चालणारे स्वस्त चार्जर सेलची वाट लावतात. पंधरा मिनिटांत चार्ज करून देणाऱ्यांच्या मी वाटेलाही जात नाही. एवढी घाई असेल तर रात्री झोपण्याआधी लावायचे होते.

'आधी पूर्ण संपवा, मग चार्ज करा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम रिचार्जेबल सेलच्या काळातला. विसरा.

14500 नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एए, पण 3.7 व्होल्टचा. साध्या गॅजेटमध्ये घातलात तर गॅजेट जळू शकतं.

धुराच्या अलार्ममध्ये मॅन्युअल सांगेल तेच सेल घाला, तिथे काटकसर नको.

आणि जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल सेल महिनोन्‌महिने पडून राहिले तर आपोआप रिकामे होतात. 2005मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचा सेल आणला, तसे पडून राहिल्यावर फारसे रिकामे न होणारे सेल वर्षभरानंतरही बराच चार्ज धरून ठेवतात. माझ्या टॉर्चमध्ये तेच आहेत. रिमोटमध्ये मात्र अजूनही अल्कलाइनच.